माळ होती, दिंडी नव्हती

काका, नमस्कार.

वय ३७. तालुक्याच्या गावात पतसंस्थेत नोकरी. लग्नाला नऊ वर्षं झाली, मुलगी पहिलीत आहे. दारू नाही, तंबाखू नाही, गावात नाव चांगलं. पण गेली चार वर्षं घरचे झोपले की मी फोन घेऊन बाथरूममध्ये जाऊन बसतो. आधी नुसतं बघणं होतं, मग पैसे भरून व्हिडिओ कॉल, आणि दीड वर्षापासून गुरुवारी वसुलीच्या निमित्तानं कोल्हापूर आणि लॉज. दर वेळी परतताना एसटीत शपथ घेतो. संस्थेच्या पैशाला हात लावलेला नाही, पण बायकोच्या पाटल्या गहाण टाकल्या. सोनेतारणाची पावती तिला फेब्रुवारीत सापडली. तिनं माझ्या आईला सांगितलं नाही, पण मुलीला घेऊन ती आता आतल्या खोलीत झोपते.

गेल्या आषाढीला माळ घातली. एक्केचाळीस दिवस पाळलं, मग मोडलं. माळ काढून कपाटात ठेवलीय. कधी वाटतं, आपण नसलो तर दोघी सुटतील.

दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगा असतात तशा या सवयीसाठीही असतात असं वाचलं. खरं का? आमच्याकडे दर मंगळवारी शाळेत एएची (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस) मीटिंग भरते. दारू पितो असं सांगून तिथेच जाऊन बसलो तर? ओळखीचं कुणी भेटलं तर काय करू? मला फक्त माझ्यासारखा एक माणूस बघायचाय.

ता. क. अशा ठिकाणी नाव काय सांगायचं?

— नाव नको, सांगली जिल्हा

—

नमस्कार.

‘दोघी सुटतील’ हे वाक्य तुम्ही मध्येच कुठेतरी घातलंय, जाता जाता. मी आधी त्यालाच हात घालतो. दोघी सुटत नाहीत. मुलीला आयुष्यभर एक प्रश्न पुरतो आणि बायकोला दोन. हा विचार पुन्हा आला तर १४४१६ लावा. टेली-मानस ही सरकारी सेवा आहे, रात्रंदिवस चालते, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. फोनवर एवढंच सांगितलं तरी पुरे, ‘मला जगावंसं वाटत नाहीये आणि कारण सांगायची लाज वाटतेय.’ कारण नंतर सांगता येतं. आणि विचार नुसता येऊन न जाता ठाण मांडून बसला, कसं करायचं इथपर्यंत गेला, तर फोनवर भागवू नका. बायकोला उठवा आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात जा.

आता तुमच्या प्रश्नाकडे. खरं आहे, अशा मीटिंगा असतात.

पण त्याआधी एक खुलासा, कारण हे सदर वाचणारी बरीच पोरं आता घाबरून बसली असतील. मला येणाऱ्या पत्रांतली निम्मी वीस-बावीस वर्षांच्या मुलांची असतात. ‘हस्तमैथुनाची सवय लागलीय, मी संपलो का?’ र. धों. कर्व्यांनी १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. त्यांनाही लैंगिक शंकांची पत्रं येत, आणि त्या काळात ते वैज्ञानिक दृष्टीनं, न लाजता उत्तरं देत. आणि आजही रेल्वेलाइनच्या भिंतींवर गुप्तरोगवाल्या वैद्यांच्या जाहिराती रंगवलेल्या दिसतातच. त्या पोरांना मी सांगतो, बाळांनो, तुम्हाला काही झालेलं नाही, त्या वैद्याला पैसे देऊ नका, मैदानावर जा.

तुमचं तसं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीची अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली. तिच्यात ‘आवरता न येणारं लैंगिक वर्तन’ हा विकार म्हणून नोंदला आहे. तो व्यसनांच्या रकान्यात नाही, आवेगावर ताबा न राहण्याच्या विकारांत आहे. खूण अशी की सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ माणूस आवरायचा प्रयत्न करतो, आवरत नाही, घर-नोकरी-पैसा यांचं नुकसान होतं, मजा उरत नाही, तरी थांबत नाही. आणि त्याच नोंदीत एक शहाणपणाची ओळ आहे: निव्वळ ‘हे पाप आहे’ या भावनेनं होणारा त्रास म्हणजे हा विकार नव्हे. तुमच्या पत्रात नुसता पापाचा धाक नाही. चार वर्षं आहेत, गुरुवार आहे, पाटल्या आहेत. निदान मात्र मी करणार नाही, ते मानसोपचारतज्ज्ञाचं काम. तिथे जाच. समुपदेशनाच्या ठरावीक पद्धती आहेत, कधी औषधंही देतात. शिवाय कधीकधी याच्या बुडाशी नैराश्य निघतं आणि ते बरं झालं की हेही बरंच ओसरतं.

मीटिंगचं सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या भावाबरोबर मी एएच्या एका ओपन मीटिंगला गेलो होतो. गाव सांगत नाही. शाळेचा वर्ग, पोरांचे बाक, त्यांत मोठ्या माणसांचे गुडघे अडकलेले. फळ्याच्या कोपऱ्यात ‘हजर ३८, गैरहजर ४’ तसंच राहिलेलं. कागदी कपात चहा. माझा भाऊ दाराजवळ बसला, पळून जाता यावं म्हणून. एक रिक्षावाला बोलायला उठला आणि सांगू लागला की बायकोला सापडू नये म्हणून तो क्वार्टर संडासाच्या फ्लशच्या टाकीत ठेवायचा, आणि एकदा झाकण लावताना ते फुटलं. माझा भाऊ हसला. मोठ्यानं. सगळ्यांनी वळून बघितलं. भाऊ स्वतः टाकीतच ठेवायचा, आणि अठरा वर्षं त्याला वाटत होतं की ही युक्ती जगात त्याला एकट्यालाच सुचलीय! त्यापूर्वी त्याला डॉक्टरांनी समजावलं होतं, मी समजावलं होतं, आईनं पाया पडून सांगितलं होतं. त्या फुटक्या झाकणानं जे झालं ते आम्हाला कुणाला जमलं नव्हतं.

तुम्हाला हवा आहे तो हा रिक्षावाला. तुमच्या बाथरूमची, तुमच्या गुरुवारची गोष्ट तुमच्याआधी सांगून टाकणारा.

माळेबद्दल तुम्ही दोन ओळीत उरकलंत, मला तिथे थांबावंसं वाटतं. माळ घालून दारू सुटलेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिलीत. त्यांना तुळशीच्या मण्यांनी धरून ठेवलं असं आपण म्हणतो, पण बघा तर, माळ घातली हे अख्ख्या आळीला ठाऊक असतं. पानाच्या टपरीवरचा मित्र विचारत नाही. एकादशीला भजनी मंडळ वाट बघतं. वारीत पाय सुजला तर शेजारचा तेल लावून देतो. तुम्ही माळ घातली, पण कशासाठी ते कुणाला सांगितलं? एकालाही नाही. एक्केचाळीस दिवस तुम्ही एकट्यानं वारी केलीत. तरी एक्केचाळीस भरले, हे मला थोडं वाटत नाही. मोडलं म्हणून ते दिवस वजा होत नाहीत. माळ कपाटात का ठेवायची हेही मला कळलं नाही, पण तो तुमचा आणि पांडुरंगाचा व्यवहार.

खोटं बोलून एएत बसू नका. नियमाची बाब आहेच, क्लोज्ड मीटिंग ही दारू सोडायची इच्छा असलेल्यांसाठीच असते. पण खरी अडचण वेगळी. तुमचा आजार लपवाछपवीवर पोसलेला आहे, आणि बरं व्हायची सुरुवातच तुम्ही एका थापेनं करणार. ओपन मीटिंगला मात्र कुणीही श्रोता म्हणून जाऊ शकतं. तिथल्या माणसाला सांगा, ‘मला दारूचा त्रास नाही, दुसरी सवय आहे, ऐकायला बसू का?’ कुठली सवय ते सांगायची गरज नाही. मीटिंग कशी चालते ते एकदा डोळ्यानं बघितलं की पुढचं सोपं जातं.

तुमच्या सवयीसाठीचे गट एएच्याच बारा पायऱ्यांवर, म्हणजे सुधारण्यासाठी एकेक करून चढायच्या बारा टप्प्यांवर, उभे आहेत. एए १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालं, हे गट १९७०च्या दशकात. बोस्टनला १९७६ मध्ये सेक्स अँड लव्ह ॲडिक्ट्स ॲनॉनिमस, मिनियापोलिसला १९७७ मध्ये सेक्स ॲडिक्ट्स ॲनॉनिमस, आणि त्याच सुमारास कॅलिफोर्नियात सेक्साहोलिक्स ॲनॉनिमस. नावं सारखी वाटतात, पण आत गेल्यावर फरक कळतो आणि तो आधीच माहीत असलेला बरा. सेक्साहोलिक्सवाल्यांची ‘सोबर’ची व्याख्या कडक आहे: लग्नाच्या जोडीदाराखेरीज काहीही नाही, स्वतःशीसुद्धा नाही, आणि लग्न म्हणजे स्त्री-पुरुषाचंच. काहींना अशी पक्की रेघ लागते. समलिंगी माणसाला मात्र तिथे गुदमरायला होईल, त्यानं दुसऱ्या गटात जावं. सेक्स ॲडिक्ट्सवाल्यांकडे ज्याची रेघ त्यानं आखायची असते.

ती आखायची त्यांची पद्धत मला आवडते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. एकात एक तीन वर्तुळं काढायची. पावतीच्या पाठीवरसुद्धा काढता येतात. अगदी आतल्यात जे थांबवायचंच आहे ते. तुमच्या पत्रावरून लिहायचं तर: पैसे भरून कॉल, लॉज, बायकोच्या पाठीमागं काढलेलं कर्ज. मधल्यात निसरड्या जागा. रात्री अकरानंतर फोन घेऊन बाथरूम. एकट्यानं कोल्हापूर. पगाराचा दिवस. साहेबांनी चारचौघांत झापलं तो दिवस. उपाशीपोटी, चिडलेलं, एकटं किंवा दमलेलं असताना पाय घसरतो, हे सगळ्या बारा-पायरीवाल्यांचं जुनं निरीक्षण आहे. आणि बाहेरच्या वर्तुळात जे केल्यानं बरं वाटतं ते. हे तुम्ही भरायचं. माझा अंदाज आहे की तिथे भजनी मंडळ येईल आणि मुलीचा अभ्यास येईल. ही वर्तुळं एकट्यानं पक्की करायची नाहीत, दुसऱ्याला दाखवून करायची. तो दुसरा म्हणजे स्पॉन्सर. गटातलाच, तुमच्याआधी काही वर्षं थांबलेला माणूस. शक्यतो पुरुषानं पुरुषच धरावा, म्हणजे जिथे आकर्षणाचा घोळ होणार नाही असा. त्याला फोन करायचा तो लॉजहून परतताना नाही. एसटीत चढायच्या आधी.

मीटिंगमध्ये एकेक जण दोन-चार मिनिटं बोलतो. मध्ये कुणी बोलत नाही, सल्ला देत नाही, ‘अरेरे’ म्हणत नाही. कुठलं ॲप, कुठला लॉज, काय केलं याचे तपशील सांगायचे नसतात, कारण ऐकणाऱ्याच्या डोक्यात तेच फिरायला लागतं. फी नसते. कुणी स्वखुशीनं दोन पैसे देतं, नाही दिले तरी कुणी विचारत नाही. देवाचा उल्लेख येतो, पण ‘आपल्याला उमगेल तसा’ देव, तुम्हाला तर अडचणच नाही. ज्यांना ते नकोच असेल त्यांच्यासाठी स्मार्ट रिकव्हरी नावाचा निराळा मार्ग आहे. त्यात पायऱ्या नाहीत, देव नाही, विचार आणि वागणं बदलायचे व्यायाम आहेत.

आता तालुक्याच्या गावात हे कुठून आणायचं? या गटांच्या मीटिंगा आपल्याकडे दारूच्या गटांएवढ्या गल्लोगल्ली नाहीत. फोनवर आणि व्हिडिओवर मात्र भरपूर असतात, आणि त्यांची वेळापत्रकं या संस्था स्वतःच देतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची रात्री आठची मीटिंग आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटे साडेपाचला येते, हिवाळ्यात साडेसहाला. वारकऱ्याला काकड आरतीची सवय असते, तेव्हा वेळेची सबब चालणार नाही. इंग्रजी कच्चं असेल तर पहिले काही दिवस नुसतं ऐका. ‘आज फक्त ऐकतो’ एवढं म्हटलं की पुढच्याला संधी देतात. भारतातल्या लोकांच्या मीटिंगा शोधा, हिंदीवर निभावून जाल. मराठी हवी असेल तर एएच्या परंपरेतलं एक कलम लक्षात ठेवा, दोन-तीन जण जमले की गट होतो. मराठी बोलणारा दुसरा भेटला की तुमचा गट झाला.

मीटिंग बाथरूममध्ये बसून ऐकू नका. हसू नका, लोक करतात. गच्चीवर जा. ईअरफोन लावा. आणि जोडायच्या आधी पडद्यावर येणारं नाव बदला, नाहीतर पतसंस्थेचं नाव आणि तुमचं आडनाव झळकेल आणि मग माझ्या नावानं बोटं मोडाल.

ओळखीचं कुणी भेटलं तर? तर तोही तिथे त्याच कारणासाठी आलेला असेल. तरी खबरदारी सांगतो. इथे ऐकलेलं इथेच ठेवायचं हा गटांचा दंडक आहे, पण तो सदस्यांच्या शब्दावर उभा आहे, कायद्यावर नाही. मानसोपचारतज्ज्ञाला २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं गुप्तता पाळावी लागते, गटातल्या माणसाला नाही. म्हणून पूर्ण इतिहास डॉक्टरसमोर, आणि गटात आजचं. तुमच्या पत्रात लहान मुलांचा संबंध कुठेही नाही. दुसऱ्या कुणा वाचणाऱ्याच्या बाबतीत असेल, बघण्यापुरता का होईना, तर त्यानं गटात शेअर करून मोकळं होण्याचा प्रकार करू नये. तिथे मुलाची सुरक्षितता आधी येते आणि पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, लागू होतो. त्यानं आज थांबावं आणि डॉक्टर आणि वकील गाठावा.

भुरटेही पुष्कळ आहेत. नव्वद दिवसांत मुक्तीची हमी देऊन पाच हजार मागणारे. आधार कार्ड मागणारे. गटात नव्या माणसाला हेरून ‘खासगीत बोलू’ म्हणणारे. खऱ्या गटाला तुमचं आडनावसुद्धा नको असतं. त्या पैसे भरून केलेल्या कॉलवरून कुणी धमकावत असेल, आणि माझ्या अनुभवात चारांतल्या एकाला तरी धमकावतातच, तर पैसे पाठवू नका. १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर आहे.

तपासणीचं तुम्ही काहीच लिहिलं नाही. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात एचआयव्हीची चाचणी फुकट होते, १०९७ वर माहिती मिळते. लगेच करा, बाकीच्या गुप्तरोगांचीही करा. लॉजनंतर बायकोशी संबंध आला असेल तर तिलाही सांगणं भाग आहे. ही गोष्ट लाजेखातर पुढे ढकलायची नाही.

बायकोबद्दल. तिनं आईला सांगितलं नाही, याचा अर्थ तिनं माफ केलं असा लावू नका. ती एकटीच वाहतेय, एवढाच त्याचा अर्थ. तिला पहारेकरी करू नका. रोज रात्री फोन तिच्या हातात देऊन ‘तपास’ म्हणणारे नवरे मी पाहिलेत. चार दिवसांत ती पोलीस होते आणि तो चोर, आणि दोघं दमतात. स्पॉन्सरचं कामही तिचं नाही. तिला सगळं एका रात्रीत ओतून सांगून स्वतः हलके होऊ नका. पैशाचा हिशेब मात्र पूर्ण द्या, आजच्या तारखेपर्यंतचा, कागदावर. बाकीचं समुपदेशकासमोर, तिला किती ऐकायचंय ते तिनं ठरवून. तिच्यासाठीही गट आहेत. एस-ॲनॉन आणि कोसा हे अशा जोडीदारांचे. त्यात जा असं तिला सांगायचं नाही, असे आहेत एवढंच कानावर घालायचं. आणि पाटल्या आधी सोडवा. हप्ता तिच्यासमोर भरा.

गुरुवारची वसुली दुसऱ्याशी बदलून घ्या. साहेबांनी कारण विचारलं तर पाठदुखी सांगा. एवढी एक थाप मी माफ केली.

पहिल्या मीटिंगनंतर तुम्हाला वाटेल, ही माणसं आपल्यासारखी नाहीत. कुणी आपल्यापेक्षा फार वाईट वाटेल, कुणी फार सोज्वळ, कुणी इंग्रजीत रडणारा. जुने लोक सांगतात, सहा मीटिंगा करा आणि मग ठरवा. मीही तेच म्हणतो. आवडलं नाही तर गट बदला. पुण्यात मुक्तांगण १९८६ मध्ये सुरू झालं, ते दारू आणि अमली पदार्थांसाठी, पण तिथे व्यसनातून बाहेर आलेलेच पुढे दुसऱ्यांना समजवायला बसले, हे महाराष्ट्रानं पाहिलंय. त्यांतही पहिल्या दिवशी कितीजण दाराजवळ बसले असतील. माझा भाऊ दाराजवळ तीन महिने बसला. नंतर चहा आणायचं काम त्याच्याकडे आलं आणि मग पळून जाता येईना.

आणि ता. क. चं उत्तर. नाव कुठलंही सांगा. आडनाव नको, गाव नको, हुद्दा नको. तुकाराम सांगा, प्रकाश सांगा. फक्त दर आठवड्याला तेच सांगा. माझ्या भावानं पहिल्यांदा सुरेश सांगितलं आणि दुसऱ्यांदा विसरून रमेश, तर अजून तिथले जुने लोक त्याला सुरेश-रमेश म्हणतात.